रोमच्या मेळाव्याला निघण्याआधी वाडीवरची घरं दाखवून ठेवा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण फादरांचा प्रश्न आलाय. पॅरिश (एका चर्चच्या हाताखालची गावं-वाड्या) हातात घेऊन जेमतेम दीड वर्ष झालंय, रोमला वेगवेगळ्या देशांतल्या पॅरिश प्रीस्टांचा मेळावा आहे, बिशप हाऊसमधून त्यांचं नाव गेलंय, पासपोर्ट अजून काढलेला नाही, इंग्लिश बोलताना अडखळायला होतं. शेवटी त्यांनी लिहिलंय, 'एवढ्या मोठ्या लोकांत मी खेड्यातला माणूस काय बोलणार.' तयारी कुठून सुरू करू, असा मुख्य प्रश्न.

फादर, मी रोमला पहिल्यांदा गेलो २०१० ला, मग मधे एक-दोनदा, आणि शेवटचा २०२५ च्या जूनमध्ये, ज्युबिलीला, म्हणजे दर पंचवीस वर्षांनी येणाऱ्या पवित्र वर्षाला. गेली दहा-बारा वर्षं आपल्या भागातल्या फादर-सिस्टर लोकांचे व्हिसाचे कागदही मी बघून देतो, त्यामुळं कुठं काय अडतं ते बऱ्यापैकी माहीत झालंय. तुम्ही पासपोर्टचं आधी विचारलंत, त्याच्यावर येतोच, पण तयारी मी दुसरीकडून सुरू करायला सांगीन. तुमच्या पॅरिशमधल्या आजारी माणसांच्या घरांपासून.

असं का, ते सांगतो. २०१० चा मेळावा म्हणजे प्रीस्टांच्या वर्षाचा समारोप. फ्रान्समधल्या आर्स गावचे फादर संत जॉन व्हियानी १८५९ मध्ये वारले, त्याला १५० वर्षं झाली म्हणून ते वर्ष पाळलं होतं, आणि शेवटच्या मिस्साला (चर्चमधली मुख्य उपासना) ११ जूनला व्हॅटिकनच्या संत पेत्रच्या चौकात जवळजवळ १५,००० प्रीस्ट होते. आदल्या रात्री जागरण प्रार्थना, पाच खंडांतल्या पाच प्रीस्टांनी पोप बेनेडिक्ट यांना प्रश्न विचारले आणि ते उत्तरं देत होते, चौकभर माणसंच माणसं, मी अगदी भारावून उभा. आणि त्याच वेळी इकडं आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली, पाऊस लागलेला, आणि नदीपलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यांचा मुलगा चालत चर्चवर आला, बाबांचं काही खरं नाही, फादरांना बोलवा म्हणून. शेजारच्या पॅरिशच्या फादरांना मी नंबर देऊन ठेवला होता, किल्ली देऊन ठेवली होती, मला वाटलं झालं काम. ते बिचारे तसल्या पावसात स्कूटर काढून निघालेसुद्धा. पण वाडीचा रस्ता त्यांनी कधी बघितलेला नव्हता, साकव पाण्याखाली गेला की वरच्या अंगानं जायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मी. सकाळी ते पोचले तेव्हा म्हातारे गेलेले होते, तेलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावून फादर करतात तो विधी) न होताच. मी परत आल्यावर मुलगा एवढंच बोलला, "बाबा तुमचं नाव घेत होते फादर." पंधरा वर्षं झाली, अजून त्या वाडीवर गेलं की पाय जड होतात.

तेव्हापासून माझी पद्धत अशी, निघायच्या आठवडाभर आधी शेजारच्या फादरांना गाडीवर मागं बसवायचं आणि अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः घेऊन जायचं, उंबऱ्यापर्यंत. घरच्यांना त्यांचा चेहरा दाखवायचा, त्यांना घर दाखवायचं. मग एका कागदावर घराची खूण लिहायची (पत्ता लिहून उपयोग नाही, 'फणसाच्या झाडानंतर डावीकडं' असं लिहायचं), शेजारी कुणाकडं फोनला रेंज येते त्याचा नंबर, आणि पावसात कुठला रस्ता बंद होतो तेही. चर्चचा कायदा एवढंच सांगतो की पॅरिश प्रीस्ट आठवड्यापेक्षा जास्त बाहेर राहणार असेल तर बिशपना कळवायचं आणि आपल्यामागं बघणारा प्रीस्ट ठरलेला असायचा, कॅनन म्हणजे कलम ५३३ मध्ये आहे ते, वाचून घ्या. पण बिशप हाऊसला पत्र गेलं म्हणजे वाडीवरच्या आजीला कळलं असं होत नाही. अजून एक, तुमच्या मागं कुणाचं लग्न ठरलेलं असेल तर लग्न लावायचा अधिकार त्या फादरांना नावानिशी लेखी देऊन जा. तो दिलेला नसेल तर लग्नच ग्राह्य धरलं जात नाही, आणि मग नुसती धावपळ होते.

आता कागद.

आपल्या सीमाभागात पासपोर्टला जे अडतं ते दुसरीकडं फार कुणाला कळत नाही. जन्माचा दाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, बाप्तिस्म्याचा दाखला कुठल्यातरी जुन्या फादरांनी पोर्तुगीज धाटणीत लिहिलेला, आणि आडनाव तिन्हीकडं तीन तऱ्हेनं. डिसोजा, डिसूझा, द सोझा, आपल्याला सगळं एकच वाटतं पण खिडकीवर बसलेल्या माणसाला ती तीन माणसं वाटतात. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणजे जुन्या कागदावर एक आणि आधारवर दुसरं. गावाच्या नावामुळं सहसा अडत नाही, तेवढं समजून घेतात, पण तुमच्या नावातलं आणि आई-वडिलांच्या नावातलं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ते अर्ज करायच्या आधी सरळ करून घ्या, नंतर नाही. माझ्या पहिल्या पासपोर्टला वडिलांच्या नावातल्या एका अक्षरानं बेंगळुरूच्या दोन खेपा घालायला लावल्या. आता बेळगावच्या पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे म्हणून बरं. पोलीस व्हेरिफिकेशन तुम्ही सध्याचा म्हणून लिहिलेल्या पत्त्यावर येतं, आणि आपली बदली होत असते. मूळ घर चंदगडकडं, सेवा खानापुरात, आधारवर तिसरंच काहीतरी, असं असेल तर आधी आधारचा पत्ता ठीक करा, बदलीची कुणकुण असेल तर बिशप हाऊसमध्ये विचारून मगच अर्ज भरा.

व्हिसा व्हॅटिकनचा वेगळा नसतो, इटलीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालतो तो) काढायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि कमीत कमी १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण तुम्ही दोन-अडीच महिने हाताशी ठेवा, कारण शंका आली तर ते ४५ दिवसांपर्यंतही घेऊ शकतात. फी ९० युरो, जून २०२४ पासून. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा. परत यायच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असायला पाहिजे आणि त्यात दोन कोरी पानं. राहता कुठं त्यावर अर्ज कुठल्या केंद्रात द्यायचा ते ठरतं, तेव्हा चंदगडच्या मित्राचं बघून तुम्ही मुंबई गाठू नका, कर्नाटकातल्या पत्त्याला कुठलं केंद्र आहे ते बघा.

नकार कशामुळं येतो म्हणाल तर मी बघितलेल्या केसेसमध्ये बहुतेक वेळा तारखांमुळं. आमंत्रणपत्रात मेळावा तीन दिवसांचा, आणि तिकीट बारा दिवसांचं, कारण एवढं लांब जातोय तर फ्रान्समधलं लूर्दचं तीर्थ पण बघून येऊ असं मनात. त्यात वाईट काही नाही, सगळेच जातात, पण मग ते कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहायचं, लूर्दला कुठं राहणार त्याचा कागद लावायचा, आणि फॉर्मवर येण्याचं कारण, आमंत्रण, इन्शुरन्स, तिकीट या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरं म्हणजे बँक. आपल्या खात्यात असतंच किती, आणि मग कुणीतरी भलं माणूस सांगतं की भावाकडून दोन लाख घालून घ्या, स्टेटमेंट चांगलं दिसतं. अजिबात घालू नका, अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली रक्कम सगळ्यात आधी डोळ्यात भरते. आपलं आहे ते खरं स्टेटमेंट लावायचं आणि सोबत डायोसिसचं (बिशपच्या हाताखालचा सगळा धर्मप्रांत) पत्र, की हे आमचे प्रीस्ट, यांचा खर्च आम्ही करतोय, हे अमुक पॅरिशला नेमलेले आहेत आणि अमुक तारखेला परत कामावर रुजू होतील. परत येणार हे त्यांना पटायला लागतं, आणि पॅरिश प्रीस्टला नेमणुकीपेक्षा मोठा पुरावा कुठला.

बिशपकडून अजून एक कागद आठवणीनं घ्या, सेलेब्रेट. तुम्ही आमचे प्रीस्ट आहात, तुमच्यावर कसलीही बंदी नाही, मिस्सा अर्पण करायला हरकत नाही, असं फोटो-सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं पत्र. परदेशात कुठल्याही चर्चमध्ये सॅक्रिस्टीत (मिस्साच्या तयारीची खोली) गेलात की आधी तेच मागतात, आणि मागायलाच पाहिजे. ते नसेल तर नुसत्या पांढऱ्या झग्यावर कुणी वेदीवर उभं करत नाही. या विषयावर मला नेहमी आपल्या बेळगावच्या किल्ल्यातला रामकृष्ण आश्रम आठवतो. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात आले होते, आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले, मग फॉरेस्ट ऑफिसर हरिपद मित्र यांच्याकडं. शिकागोच्या धर्मपरिषदेला जायचा विचार त्यांनी हरिपदबाबूंजवळ बोलूनही दाखवला होता. पुढच्या वर्षी जुलैअखेर ते शिकागोत पोचले तर तिथं कळलं की कुठल्या तरी मान्य संस्थेचं पत्र असल्याशिवाय प्रतिनिधी म्हणून घेत नाहीत, आणि नाव नोंदवायची मुदतही गेलेली. मग हार्वर्डचे प्रोफेसर राईट भेटले, त्यांनी पत्र दिलं, आणि परत शिकागोला येताना कमिटीचा पत्ताच हरवला, एक रात्र रेल्वे यार्डातल्या रिकाम्या वॅगनमध्ये काढावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाला कागदानं अडवलं, तर आपण सेलेब्रेटची मूळ प्रत हँडबॅगेत, एक झेरॉक्स मोठ्या बॅगेत आणि एक फोटो मोबाईलमध्ये ठेवायला काय हरकत आहे. राहायच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईल बंद पडतो.

तुमचं नाव बिशप हाऊसमधून गेलंय म्हणून तुम्हाला काळजी नाही, पण दुसरेही वाचत असतील म्हणून लिहितो, विशेषतः स्वतंत्र चर्च चालवणाऱ्या पास्टर बंधूंसाठी. ईमेलवर येणारी 'आंतरराष्ट्रीय पास्टर परिषद' नावाची बरीच पत्रं खोटी असतात. तिकीट आम्ही देऊ, व्हिसा आम्ही काढून देऊ, फक्त हॉटेलचे पैसे आधी पाठवा आणि पासपोर्टचा फोटो पाठवा, असं आलं की समजून जायचं. व्हिसाची हमी कुठलाच आयोजक देऊ शकत नाही. आपल्या भागातले एक पास्टर असेच चाळीस हजार घालवून बसलेत, आणि ते पैसे मंडळींनी मूठ-मूठ तांदूळ विकून जमवलेले होते. पत्र आलं की ज्या चर्चचं किंवा संस्थेचं नाव आहे तिथं स्वतंत्रपणे शोधून फोन करा, पत्रातल्या नंबरवर नको.

तिकीट सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, शेवटपर्यंत एकाच बुकिंगवर काढा, म्हणजे मधलं विमान चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीची राहते. पावसाळ्यात तर नक्कीच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीय, रांगेत वेळ जातो, घाबरायचं कारण नाही.

रोममध्ये सिस्टर लोकांच्या गेस्ट हाऊसमध्ये राहिलात तर स्वस्त आणि चांगलं पडतं, पण बरेचदा रात्री अकराला दार बंद होतं, आधी विचारून ठेवा. फ्युमिचिनो विमानतळावरून टर्मिनी स्टेशनला सरळ ट्रेन आहे, १४ युरो. टर्मिनीहून व्हॅटिकनकडं जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीटमार असतात, पाकीट पुढच्या खिशात. जूनमध्ये ऊन आपल्या एप्रिल-मेसारखं, पण रस्त्यावर जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पाणी गार आणि चांगलं, बाटली जवळ ठेवा. आल्ब (मिस्साचा पांढरा झगा) स्वतःचा न्या, सुती, आणि पांढरा स्टोल, म्हणजे गळ्यातला पट्टा. माझ्या आईनं पहिल्या वेळी आल्बच्या गळपट्टीला आतून लाल दोऱ्यानं आडनाव टाचून दिलं होतं, देवनागरीत. मिस्सानंतर कपडे बदलायच्या गर्दीत सगळे पांढरे झगे एकसारखे, शेजारचे पोलंडचे फादर आपला शोधत होते, आणि माझा लगेच सापडला. आई आता नाही, पण तो आल्ब मी २०२५ लाही नेला.

आता तुमचा खरा प्रश्न, तिथं मी काय बोलणार.

हल्ली अशा मेळाव्यांत लांब भाषणं कमी झालीत. २०२४ मध्ये २८ एप्रिल ते २ मे जगभरातल्या पॅरिश प्रीस्टांची बैठक रोमच्या उत्तरेला साक्रोफानोमध्ये झाली, सुमारे २०० जण, सिनडच्या (पोपनी बोलावलेली चर्चची सल्लामसलतीची सभा) कामासाठी. बरंचसं काम गोल टेबलावर लहान लहान गटांत. पद्धत अशी की पहिल्या फेरीत प्रत्येकानं तीन-चार मिनिटं आपलं सांगायचं, मधे कुणी बोलायचं नाही, मग थोडा वेळ शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं परत रेटायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं ते सांगायचं. तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून काय पुढं न्यायचं ते ठरवायचं. म्हणजे तुमच्याकडं मिनिटं आहेत चार, आणि ऐकायचं आहे तास-दीड तास. इंग्लिश अडखळत असलं तरी चार मिनिटांचं बोलणं माणूस नीट तयार करू शकतो.

मी अशाच एका टेबलावर बसलो होतो तेव्हा टाईप केलेला कागद घेऊन गेलो होतो, डायोसिस १९५३ ला झाला, एवढ्या पॅरिश, एवढ्या शाळा. माझ्या आधी आफ्रिकेतले एक फादर बोलले, त्यांच्याकडं चॅपेलना नावेतून जावं लागतं, महिन्यातून एकदा पोचणं होतं, नाव उलटली तर काय होतं, एवढंच ते बोलले. ते ऐकल्यावर मला माझा कागद काढवेना. मी म्हटलं, आमच्याकडं जंगलाच्या कडेच्या वाडीतून एक आजी पावसात दोन तास चालत मिस्साला येते, डोक्यावर इरलं घेऊन. मिस्साच्या वेळी आमच्या व्हरांड्यात दहा-बारा इरली भिंतीला टेकून उभी असतात आणि त्यातून पाणी ठिबकत असतं, आणि ती किती आहेत ते बघून मला कळतं आज लांबच्या वाड्यांतलं कोण आलंय, कोण नाही, मिस्सा संपली की न आलेल्याच्या घरी जायचं. बस्स. इरलं म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये सांगता येईना, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढलं, बांबूच्या कामट्या, पानं, पाठीवरून कमरेपर्यंत. तो कागद टेबलभर फिरला. दुसऱ्या फेरीत पाच जण त्या व्हरांड्याबद्दल बोलले, ब्राझीलचे एक फादर म्हणाले माझ्या पॅरिशमध्ये कोण आलं नाही हे मला कधीच कळत नाही. डायोसिसच्या आकड्यांबद्दल कुणी विचारलं नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या पॅरिशमधली अशी एक गोष्ट निवडा, जी तुम्ही स्वतः बघितलीय. मराठीतच आधी बोलून बघा, मग सोप्या, छोट्या वाक्यांत इंग्लिश करा, मोठ्यानं दहा वेळा वाचा. हेडफोनमधून दुभाषी ऐकवत असतात, त्यांना हळू बोललेलं बरं पडतं, आणि जमलं तर लिहिलेलं आधी त्यांच्या हातात द्या.

अजून एक तुमच्याकडं आहे जे तिथं फार थोड्यांकडं असतं. लोक विचारतील, तुम्ही हिंदीत मिस्सा करता का. तेव्हा खरं सांगा. पहिली मिस्सा मराठीत, दुसरी कन्नडमध्ये, सणाला कोकणी गाणी, कन्फेशनला ज्याला जी येते ती, आणि दफनाच्या वेळी घरच्यांना विचारून. सीमावादावरून आपल्याकडं काय काय झालंय ते तुम्हाला-मला माहीत आहे, ते तिथं उगाळायला जाऊ नका, पण कुणी विचारलं तर लपवूही नका. एका चर्चमध्ये ख्रिसमसला पहिलं गाणं कुठल्या भाषेत म्हणायचं यावरून कॉयरमध्ये अबोला झाला होता आणि तो कसा मिटवला, हे दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या बेल्जियमच्या आणि श्रीलंकेच्या फादरांना जितकं कळतं तितकं पुस्तक वाचलेल्याला कळत नाही. ते पुढं सरकून ऐकतात, मी बघितलंय.

पैशाचं एक कडक सांगतो. अशा मेळाव्यात चांगली माणसं भेटतात आणि निघताना हातात पाकीट ठेवतात, तुमच्या पॅरिशच्या छपरासाठी म्हणून. घेऊ नका. पॅरिशसाठी परदेशी पैसा हा परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेनंच घ्यायचा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नम्रपणे आभार मानायचे आणि डायोसिसच्या ऑफिसचा ईमेल लिहून द्यायचा. छपराची कितीही नड असली तरी स्वतःच्या खात्याचा नंबर देऊ नका, त्रास एकट्या तुम्हाला होत नाही, सगळ्या डायोसिसला होतो.

जायच्या आधीच्या रविवारी लोक येतील, "फादर, कधी येतासा परत, आमच्यासाठी रोझरी आणा." किती आणणार. मी शंभर पानी वही ठेवतो चर्चच्या मागच्या टेबलावर, ज्याला जे मागणं आहे ते लिहा म्हणतो, मराठीत, कन्नडमध्ये, लिहिता येत नसेल तर मुलांकडून. संत पेत्रच्या कबरीजवळ उभं राहून ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, घाई करत नाही. २०२५ ला पाऊण तास लागला. त्यात एका पानावर नुसतं 'म्हैस' लिहिलं होतं, नाव नाही. आल्यावर शोधून काढलं कुणाची ते, व्यायला आलेली म्हैस दगावली होती त्या घरची, कर्ज काढून घेतलेली. मी रोमला असतानाच आमच्या सिस्टरनी बचत गटातून त्यांची थोडी सोय केली होती.

परत आल्यावर प्रोजेक्टर लावून फोटो दाखवायचे ते दाखवा, लोकांना आवडतं, पण पहिल्या तीन दिवसांत आजाऱ्यांच्या घरी जाऊन या आणि शेजारच्या फादरांकडं कुंद्याचा डबा घेऊन जा, त्यांनी तुमचं ओझं उचललंय.

तर सध्या एवढं करा, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला आणि आधार, चारही समोर ठेवून प्रत्येक नावाचं स्पेलिंग एका कागदावर खाली-खाली लिहून काढा आणि मला पाठवा, कुठं दुरुस्ती लागेल ते मी बघतो. आणि मेळावा पावसाळ्यात असेल तर शेजारच्या फादरांना पाऊस लागायच्या आधीच एकदा नदीपलीकडं नेऊन आणा, त्या वेळी साकव उघडा असतो, वरच्या अंगाचा रस्ताही नीट दाखवता येतो.